पर्डी पारखला की चुकून लागला? (एनएफएलचा ड्राफ्ट आणि कॉलेजची पोरं)

फ्रीमाँटकर

परवा (ऑक्टोबर २०२५) एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या मॅक जोन्सने रॅम्सना जादा वेळेत हरवलं (नेहमीच्या पर्डीच्या पायाचा अंगठा दुखावलाय) आणि आमच्या घरातला जुना वाद परत उकरून निघाला. म्हणून हा धागा.

४ डिसेंबर २०२२ ला मी सांता क्लाराच्या स्टेडियममध्ये होतो. समोर मायामी डॉल्फिन्स. पहिल्या क्वार्टरमध्येच आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, अख्खा संघ चालवणारा) गरोपोलो पाय मोडून बाहेर गेला. त्याच्या आधीचा ट्रे लान्स सप्टेंबरातच घोटा मोडून घरी. आत आला १३ नंबरचा शर्ट घातलेला एक पोरगा, बाकीच्यांच्या घोळक्यात दिसेनासुद्धा. शेजारच्या आजोबांना विचारलं, हा कोण? त्यांनी हातातला ग्लास पायाशी ठेवला आणि एवढंच म्हणाले, "शेवटचा."

शेवटचा म्हणजे २०२२ च्या ड्राफ्टमधला (संघांनी पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडायची; ही पाळी म्हणजे 'निवड' दुसऱ्या संघाला सौद्यात देताही येते) २६२ वा, अख्ख्या यादीतला तळाचा, ब्रॉक पर्डी. त्या जागेला इथे 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, आपल्या भाषेत 'असून नसून सारखा'. ती मॅच आम्ही ३३-१७ जिंकलो. पुढच्या रविवारी तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला, समोर साक्षात टॉम ब्रेडी. ३५-७. त्यानंतरच्या वर्षी सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेलो, आणि २०२५ च्या मे महिन्यात साहेबांना पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर कबूल झाले.

आता उलटी बाजू. २०२१ मध्ये आमच्याच लोकांनी, त्याच लिंच-शॅनाहान जोडीने (जीएम म्हणजे संघ बांधणारा मॅनेजर, आणि कोच), त्याच स्काउटांच्या म्हणजे पोरं पारखणाऱ्यांच्या जोरावर, १२ व्या नंबरवरून ३ वर जाण्यासाठी १२ वी निवड, २०२२ ची पहिली फेरी, २०२३ ची पहिली फेरी आणि वर एक तिसऱ्या फेरीची निवड मायामीला मोजून ट्रे लान्स आणला. तो आमच्यासाठी सुरुवातीपासून खेळला फक्त चार मॅचेस. ऑगस्ट २०२३ मध्ये डॅलस काउबॉइजला दिला, चौथ्या फेरीच्या एका निवडीवर.

म्हणजे हिऱ्याच्या भावाने घेतलेली काच निघाली, आणि भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीत हिरा सापडला. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच.

प्रश्न असा: कॉलेजची पोरं पारखणं ही विद्या आहे की मटका? आणि तुम्ही जीएम असतात तर पोरात पहिलं काय बघितलं असतंत?

अर्धवट_पुणेकर

चेंडू हातात, नाव फुटबॉल. हे एकदाचं बोलून घेतो, आता पुढे.

मला मूळ गणितच कळत नाही. ज्याला जो खेळाडू हवा त्याने पैसे टाकून घ्यावा. आयपीएलसारखा लिलाव का नाही करत? आणि जगातल्या सगळ्यात भांडवलशाही देशात हे रेशनच्या रांगेसारखं काय चालतं?

काळी_पिवळी

पुणेकर, रेशनची रांग ही उपमा अगदी फिट आहे, फक्त इथे सगळ्यात गरीब पुढे उभा असतो. मागच्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पहिली निवड, सुपर बोल जिंकणारा शेवटी. ३२ संघ, ७ फेऱ्या. तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेपटीला काही जादा निवडी असतात. आदल्या वर्षी ज्यांचे चांगले खेळाडू करार संपवून निघून गेले त्यांना भरपाई म्हणून. पर्डीचा २६२ नंबर असाच भरपाईतला.

ही टूम बर्ट बेल यांची, फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. श्रीमंत संघ सगळी चांगली पोरं पळवत आणि यांच्या हाती काही लागत नसे, म्हणून त्यांनी ही पद्धत गळी उतरवली. १९३६ ला पहिला ड्राफ्ट झाला, पहिली निवड बेल यांचीच: शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर. आणि तो पठ्ठ्या एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही! पैशांचं जमेना, पहिल्याच पोराने नाही म्हटलं. तेव्हा विद्या की मटका या प्रश्नाचं उत्तर १९३६ लाच मिळालंय.

(नावाबद्दल: पिट्सबर्गला राहतो. स्टीलर्सचे रंग काळा-पिवळा. मुंबईच्या टॅक्सीशी संबंध असलाच तर योगायोग.)

अर्धवट_पुणेकर

म्हणजे पोराला विचारतच नाहीत कुठे जायचंय? बीएड झाल्यावर झेडपीची बदली गडचिरोलीला, तसं?

काळी_पिवळी

तसंच. अर्थात वडील वजनदार असले की बदली रद्द होते. २००४ ला ईलाय मॅनिंगने आधीच सांगितलं होतं की सॅन डिएगोला खेळणार नाही. चार्जर्सनी तरी त्याला पहिल्या नंबरवर घेतलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला दिला.

आकडेमोड_आत्या

फ्रीमाँटकर, तुमच्या प्रश्नाला मोजलेलं उत्तर आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, २०१७ चे नोबेलवाले) यांचा यावर निबंध आहे. त्यांनी बघितलं की एकाच जागेचे दोन खेळाडू पाठोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे जाऊन जास्त चांगला निघण्याची शक्यता किती. उत्तर: सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. म्हणजे अख्ख्या स्काउटिंग खात्याची कमाई दोन टक्के.

पण त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. चूक पारखण्यात कमी आणि भाव लावण्यात जास्त. १९९१ च्या सुमारास डॅलसमध्ये जिमी जॉन्सन कोच असताना एक तक्ता बनला: पहिल्या निवडीला ३००० गुण, तिसऱ्या निवडीला २२००, बाराव्या निवडीला १२००, बत्तिसाव्या निवडीला ५९०. सगळी लीग वर्षानुवर्षं याच रेडी रेकनरवर सौदे करत आली. प्रत्यक्षात पोरं इतक्या झपाट्याने उतरत नाहीत. बत्तिसावा पोरगा पहिल्याच्या पाचव्या हिश्शाचा नसतो. म्हणून शहाण्याने वरची निवड विकून खालच्या तीन घ्याव्यात. तुमच्या लोकांनी नेमकं उलटं केलं, तेही 'मला नक्की कळलंय' या खात्रीवर. पोरगं चुकतंच कधीतरी, पण त्याच्यावर तीन वर्षांचं पीक लावणं हा गुन्हा.

फ्रीमाँटकर

आत्या, दोन टक्के वाचून बायको हसली. ती म्हणते मीही सांगितलं असतं. पण क्वार्टरबॅकचं गणित वेगळं नाही का? बाकीच्या जागा तीन पोरांत भागवता येतात, क्वार्टरबॅक एकच लागतो आणि तो नसेल तर बाकीचे बावन्न फुकट.

आकडेमोड_आत्या

मान्य. म्हणूनच तिथे सगळ्यांची शुद्ध हरपते. २०२१ च्या पहिल्या पंधरात पाच क्वार्टरबॅक गेले: लॉरेन्स, विल्सन, लान्स, फील्ड्स, जोन्स. आज आपल्या मूळ संघात एकटा लॉरेन्स आहे. आणि पाचवा शेवटी तुमच्याच दारात आला की, परवा रॅम्सना हरवायला. तेव्हा तीन नंबरला तुम्ही त्यालाच घेणार अशी सगळ्यांची अटकळ होती. चार वर्षं थांबला असतात तर असाच मिळाला असता.

डॉल्फिन_दुःखी

नमस्कार. त्या व्यवहारातली दुसरी पार्टी मी. मायामीचा पंखा, टँपात राहतो, दोन्हीकडून शिव्या खातो.

सगळे म्हणतात नाइनर्स फसले, डॉल्फिन्सनी लुटलं. जरा आमच्या लुटीचा माग काढू या.

तुमची १२ वी निवड आम्ही लगेच ईगल्सना दिली, वर आमची पुढच्या वर्षीची पहिली फेरी घातली, आणि सहाव्या नंबरवर जाऊन जेलन वॉडल घेतला. ईगल्सनी ती बारावी काउबॉइजना दिली. काउबॉइजनी त्यावर घेतला मायका पार्सन्स! तोच, ज्याच्यासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये ग्रीन बेने दोन पहिल्या फेऱ्या आणि एक खेळाडू मोजला. तो आमच्या हातातून गेला. हातात होता हो.

तुमची २०२२ ची पहिली फेरी आम्ही कॅन्सस सिटीला दिली, टायरीक हिलच्या सौद्यात. पळाला, खूप पळाला, आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर गुडघा निखळून आडवा झाला.

तुमची २०२३ ची पहिली फेरी आम्ही डेन्व्हरला दिली, ब्रॅडली चबसाठी. डेन्व्हरने ती न्यू ऑर्लिन्सला दिली, कशासाठी? खेळाडूसाठी नाही. कोचसाठी! शॉन पेटन. इथे मास्तरपण ट्रेडमध्ये जातो. त्या चिठ्ठीवर शेवटी सेंट्सनी ब्रायन ब्रेसी घेतला. एक चिठ्ठी, चार गावं फिरली, पोस्टमननेसुद्धा हात टेकले असते.

एवढं करून आम्ही प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेरीची) शेवटची मॅच कधी जिंकलो? डिसेंबर २०००. माझं लग्न व्हायचं होतं.

आणि फ्रीमाँटकर, ४ डिसेंबर २०२२ ला त्या स्टेडियममध्ये पलीकडच्या बाजूला मीपण होतो. तिकीट मेव्हण्याने काढलं होतं. पर्डीचं बारसं आमच्याच मांडीवर झालं.

फ्रीमाँटकर

अरे देवा. पुढच्या वेळी आलात की घरी या, जेवायलाच.

मिरजमळा

आमचे आजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार बघायला जायचे. आदत, दुसा, चौसा हे दातावरून. मग खूर, खांदा, शेपूट, अंगावरचे भोवरे. दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायचे, शेजारच्याला कळू नये म्हणून. तुमच्या त्या इंडियानापोलिसच्या कंबाइनचे (ड्राफ्टआधी पोरांची मापं आणि चाचण्या घेतात त्याचे) व्हिडिओ पाहिले तेव्हा मला जत्राच आठवली. उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, उभी उडी, आडवी उडी, १०२ किलोची दांडी किती वेळा उचलतो.

एकदा आजोबा एक पांढराशुभ्र बैल घेऊन आले, दृष्ट लागेल असा. अख्खं गाव बघायला आलं. पहिल्या दिवशी नांगराला लावला, अर्ध्या तासात खाली बसला. शेपूट पिरगाळली, पेंड दाखवली, आजोबांनी कानात विनवण्या केल्या. बसलाच. आजी ओट्यावरून म्हणाली, "चिखलात चालवून बघितला होता का?" आजोबा गप्प. जत्रेत सगळं मैदान कोरडं.

माझं उत्तर एवढंच. चिखलात बघा.

रश्मी_टोपेका

मिरजमळा, गोष्ट सुंदर आहे, पण बैलबाजाराची तुलना इथे जरा जपून. एनएफएलमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, आणि निवडणारे, मालक वगैरे बहुतेक गोरे. चड्डीवर उभं करून मापं घेणं, तोंडावर 'हात लहान आहेत' म्हणणं, याबद्दल खुद्द खेळाडूच बोललेत. त्यांना ती उपमा गंमत म्हणून आठवत नाही, इतिहास म्हणून आठवते.

मिरजमळा

ताई, बरोबर आहे तुमचं. माझ्या डोक्यात आजोबा होते, तो बाजार नव्हता. पण तुम्ही म्हणता ते लक्षात आलं, पुढे जपेन.

सोनचाफा

मला तर कांदेपोहेच वाटले. "चालून दाखव बाळ." "स्वयंपाक येतो का?" "पंजा दाखव." माझी उंची तीनदा विचारली होती एका स्थळाने, आणि मुलगा माझ्यापेक्षा बुटका.

अर्धवट_पुणेकर

पंजा खरंच मोजतात??

काळी_पिवळी

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, ताणून. क्वार्टरबॅकचा नऊ इंचांच्या खाली आला की बातमी होते. जो बरोचा बरोबर नऊ भरला तेव्हा त्याने चेष्टेत निवृत्तीच जाहीर केली होती. तो आज कुठे आहे बघा.

पण पंज्यावरून आमचं दुःख सांगतो, इथे कुणी डॉल्फिनवाले एकटेच नाहीत. २०२२, विसावी निवड, केनी पिकेट. पंजा साडेआठ इंच. त्याचं कॉलेज पिट्सबर्ग विद्यापीठ, आणि विद्यापीठाची व स्टीलर्सची सरावाची इमारत एकच आहे. एकच! पाच वर्षं हा पोरगा आमच्या कोचांना बोळात भेटत होता, खानावळीच्या रांगेत दिसत होता. जगातल्या कुठल्याही संघाला कुठल्याही पोराची इतकी माहिती नसेल. तरी चुकलो. दोन हंगामांत दिला सोडून, त्यानंतर त्याचे तीन संघ झाले. तेव्हा 'जास्त माहिती काढली असती तर' हे मला सांगू नका.

आणि का घेतला? कारण १९८३. तेव्हाही पिट्सबर्ग विद्यापीठाचा, पिट्सबर्गातच वाढलेला एक क्वार्टरबॅक होता. आम्ही २१ व्या नंबरला त्याला सोडून बचावफळीतला गडी घेतला. पोरगा २७ व्या नंबरला गेला. नाव डॅन मरीनो. त्या वर्षी पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले, हा सहावा. ३९ वर्षं गावाला ती टोचणी होती. पिकेटला घेतलं ते त्या टोचणीने. हे कुठल्या तक्त्यात बसवाल, आत्या?

डॉल्फिन_दुःखी

मरीनोबद्दल धन्यवाद. तेवढंच एक बरोबर आलं होतं. नंबर त्याचाही १३.

आकडेमोड_आत्या

काळी_पिवळी, टोचणी तक्त्यात बसत नाही, बिलात बसते.

गुडघेदुखी

मी फिजिओ आहे, ओहायोत. या चर्चेत सगळे दौडीबद्दल बोलतात (चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर), पण कंबाइनचा खरा उद्देश तो नाहीच. तिथे मुख्य काम डॉक्टरांचं. बत्तीस संघांचे डॉक्टर एका छताखाली असतात आणि पोरगं या खोलीतून त्या खोलीत जातं. प्रत्येक खोलीत कुणीतरी तोच गुडघा ओढून, दाबून, वळवून बघतं. ज्याने एकदा लिगामेंटची शस्त्रक्रिया केलीय त्याचा गुडघा दिवसाच्या शेवटी मी तपासला तर सुजलेलाच सापडेल.

आणि माहिती सगळ्यांकडे सारखी असते असं समजू नका. २०१६ चा जेलन स्मिथ, नोत्र दामचा. कॉलेजच्या शेवटच्या मॅचमध्ये गुडघा गेला, त्याबरोबर पायाची नसही. पाऊल वर उचलता येईना. नस परत येईल की नाही हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते ती, वाढली तर. अनेकांनी नाव खोडलं. डॅलसने दुसऱ्या फेरीत ३४ वा घेतला. कारण? त्याची शस्त्रक्रिया काउबॉइजच्याच संघाच्या डॉक्टरने केली होती. त्याने तो गुडघा आतून पाहिला होता. पोरगा एक वर्ष बसला, मग खेळला, २०१९ ला प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या मॅचलाही गेला.

शिक्का मारलेला गुडघा म्हणजे संपलेला गुडघा नव्हे. पण आतून बघितलेला हवा.

अर्धवट_पुणेकर

बरं मग पळण्याचा काहीच उपयोग नाही का?

काळी_पिवळी

टॉम ब्रेडीचे चाळीस यार्ड: ५.२८ सेकंद. माझ्या मामेभावाने लग्नाच्या वरातीत याहून जोरात पळ काढलाय. २००० साली १९९ वा गेला, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक. आणि २०१७ ला जॉन रॉस, ४.२२, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने नवव्या नंबरवर घेतला. त्याच्या पुढच्याच नंबरला, दहाव्याला, कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्यावरून उडी मारून कोण घेतला माहितीये? पॅट्रिक महोम्स.

आकडेमोड_आत्या

आता काळी_पिवळी स्वतःच माझ्याविरुद्धचा पुरावा देतायत. महोम्ससाठी उडी मारली ती बरोबर निघाली, मान्य. पण त्याच दिवशी शिकागोने ट्रुबिस्कीसाठी तीनवरून दोनवर उडी मारली होती. त्या दिवशी दोन्ही खोल्यांत टाळ्या वाजल्या असणार.

टी_ए_शिकवणी

बराच वेळ नुसती वाचत होते. एक अनुभव.

मिडवेस्टातल्या एका मोठ्या विद्यापीठात (नाव नको) पीएचडी करताना मी पहिल्या वर्षाच्या सांख्यिकीचे तास घ्यायचे. वर्गात फुटबॉलचे पाचसहा गडी असायचे, बाकं त्यांना पुरायची नाहीत, पाय बाहेर. एक दिवस ऑफिसच्या वेळेत पन्नाशीचा एक गृहस्थ दारात. साधा टी-शर्ट, हातात पाकीटवजा वही, वहीला रबर. म्हणाला, एका संघासाठी काम करतो, तुमच्या वर्गातल्या अमुक मुलाबद्दल दोन मिनिटं. मी म्हटलं मार्क सांगता येणार नाहीत, कायदा आहे. तो म्हणाला, मार्क नकोतच.

त्याचे प्रश्न मी अजून विसरले नाही. वेळेवर येतो का? आला की कुठे बसतो? गणित चुकलं आणि तुम्ही दाखवलंत तर तोंड कसं होतं? दुसऱ्या दिवशी तीच चूक करतो का? तुमचं नाव त्याला माहीत आहे का?

शेवटच्या प्रश्नाने मी थबकले. त्या मुलाला माझं नाव माहीत होतं, आडनावासकट, आणि नीट उच्चारायचा, जे माझ्या गाइडलाही जमत नसे. मी भरभरून सांगितलं. गृहस्थाने एकच शब्द लिहिला आणि रबर लावलं. जाताना कळलं की तो आधी सामानाच्या खोलीतल्या माणसाला आणि वसतिगृहाच्या बाईंना भेटून आला होता. त्या दिवशी मला वाटलं, ही विद्याच आहे.

तो मुलगा ड्राफ्टमध्ये गेला नाही. एका संघाने सरावाला बोलावलं, ऑगस्टमध्ये सोडलं. फार गुणी होता. खेळ किती चांगला होता हे मला कुठे कळत होतं? आणि मी बहुधा त्या गृहस्थालाही थोडं चुकीच्या वाटेला लावलं.

सोनचाफा

"तुमचं नाव त्याला माहीत आहे का?" हा प्रश्न मी उद्यापासून इंटरव्ह्यूत विचारणार.

मिरजमळा

हाच चिखल.

काळी_पिवळी

शिकवणीताई, क्या बात. यावरून आमच्या बिल नन यांची आठवण झाली. हे 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक. दक्षिणेतली कृष्णवर्णीयांची कॉलेजं त्यांच्या पायाखालची. तिथले कोच त्यांना घरी जेवायला घालायचे. बाकीचे संघ तिकडे फारसे फिरकत नव्हते. स्टीलर्सनी त्यांनाच स्काउट केलं. १९७४ च्या एकाच ड्राफ्टमध्ये आम्ही स्वॉन, लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि वेब्स्टर असे चार जण घेतले, चौघेही हॉल ऑफ फेममध्ये. स्टॉलवर्थ अलाबामा ए अँड एम मधला, चौथ्या फेरीत. नन २०२१ ला स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेले, मरणोत्तर. तर विद्या आहे, आत्या. जिथे बाकीचे बघतच नाहीत तिथे बघण्याची विद्या.

आकडेमोड_आत्या

हे मात्र मी मानते. पण आता अशी जागा उरलीय कुठे? सगळ्यांकडे सगळे व्हिडिओ आहेत.

डॉल्फिन_दुःखी

ईगल्सना सापडली ना. जॉर्डन मायलाटा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळलेला माणूस २०१८ ला सातव्या फेरीत, २३३ वा. पुढे त्यांचा डावा टॅकल (क्वार्टरबॅकला सांभाळणारा) झाला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून बसलाय. आपल्या प्रो कबड्डीतल्या एखाद्या कोपरारक्षकाला पाठवू या का फिलाडेल्फियाला?

अर्धवट_पुणेकर

पाठवा, पण मांडी ठोकायला परवानगी आहे का आधी विचारा.

लिलावाच्या प्रश्नावर परत येतो, कारण मी मघाशी जोरात बोललो आणि मग आठवलं. आयपीएलमध्येही एकदा ड्राफ्ट झाला होता, २००८ ला, १९ वर्षांखालच्या पोरांचा. दिल्लीला आधी निवड होती. त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर असे फलंदाज होतेच, म्हणून त्यांनी डावरा जलदगती प्रदीप सांगवान घेतला. मागून बंगळुरूने दिल्लीचाच एक पोरगा उचलला. विराट कोहली.

म्हणजे 'गरज बघून घ्या' हा सल्ला देणाऱ्याला हे सांगा.

फ्रीमाँटकर

पुणेकर, हे मला माहीत नव्हतं! आमचंही असंच आहे. २००५ ला पहिली निवड आमची. शेजारच्या बर्कलीत शिकणारा, नाइनर्सचाच भक्त असलेला एक पोरगा वाट बघत होता. आम्ही ॲलेक्स स्मिथ घेतला. ॲरन रॉजर्स २४ व्या नंबरपर्यंत बसून राहिला, टीव्हीचा कॅमेरा तोंडावर. आणि २०२५ च्या हंगामात, वयाच्या ४१ व्या वर्षी, काळी_पिवळीच्या स्टीलर्सकडे ड्रायव्हर झाला.

काळी_पिवळी

मीटरने चालतो. जुनी गाडी आहे, घाटात दम लागतो, पण पोचवते.

संपादक मंडळ

चर्चा छान चालली आहे. मूळ प्रश्नाला धरून राहावे ही विनंती. टॅक्सीसाठी वेगळा धागा काढावा.

रश्मी_टोपेका

मूळ प्रश्नाकडे: एक गोष्ट कुणी बोललं नाही. २०२१ पासून कॉलेजच्या पोरांना नाव-चेहऱ्याचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे कायदेशीर मिळतात आणि कॉलेजही सहज बदलता येतं. त्यामुळे पोरं घाईने बाहेर पडत नाहीत. २०२५ च्या ड्राफ्टमधला पहिला, कॅम वॉर्ड, तीन कॉलेजं फिरून आला. शाळा संपताना मोठ्या कॉलेजांपैकी कुणालाच तो नको होता. बो निक्स तर कॉलेजात ६१ मॅचेस सुरुवातीपासून खेळून आला. पूर्वी एकविशीच्या पोराचं भविष्य सांगावं लागायचं, आता चोविशीच्या माणसाचं वर्तमान बघता येतं. लान्सच्या वेळी काय होतं? सतरा मॅचेस. २०२० मध्ये कोविडमुळे एकच. कॉलेजभर फेकलेले पास सव्वातीनशेसुद्धा नाहीत. पर्डी आयोवा स्टेटला चार वर्षं खेळला. पडला, चुकला, हरला, जिंकला, सगळं पडद्यावर होतं.

फ्रीमाँटकर

रश्मीताई, हे वाचून रात्री पर्डीच्या कॉलेजच्या जुन्या मॅचेस काढून बसलो. खरं सांगायचं तर मी जीएम असतो तर मीही घेतला नसता. उंची बेताची, फेक मध्यम, आणि शेवटच्या वर्षी काही पास असे टाकलेत की डोळे झाकावेत. पण एक दिसलं. चेंडू चुकून समोरच्या संघाच्या हातात घातल्यावर पुढच्या वेळी तोच पास परत टाकतो. त्याच जागी, तितक्याच वेळात. लान्सचं असं काही दिसतच नाही, कारण २०१९ च्या अख्ख्या हंगामात त्याचा एकही पास दुसऱ्याच्या हातात गेला नव्हता. तेव्हा आम्ही त्यालाच गुण समजलो.

बायको म्हणते, हे सगळं आता उत्तर माहीत असताना दिसतंय. तीही बरोबर आहे. आमच्याच लोकांनी त्याला २६२ पर्यंत ठेवला. इतकी पारख होती तर पाचव्या फेरीतच नसता का उचलला?

आकडेमोड_आत्या

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

काळी_पिवळी

२०२६ च्या एप्रिलमधला ड्राफ्ट आमच्या गावात, पिट्सबर्गला. सगळ्यांनी या. घर लहान आहे, निवड उलट्या क्रमाने होईल: ज्याचा संघ सगळ्यात वाईट त्याला पलंग.

डॉल्फिन_दुःखी

पलंगाची चादर कुठल्या रंगाची आहे?

सोनचाफा

जाता जाता, मिरजमळा, त्या बसणाऱ्या बैलाचं पुढे काय झालं ते राहिलंच.

मिरजमळा

पुढच्या वर्षी खरसुंडीलाच विकला. कोरड्या मैदानावर. उपरण्याखाली निम्मा भाव आला. फ्रीमाँटकर, तुम्हाला चौथी फेरीच मिळाली. (तुलना नाही रश्मीताई, नुसता हिशेब.)